जहाजांच्या आठवणी आणि हरवलेला कर्ता

जुन्या जहाजांवरील वस्तूंना सध्या बरे दिवस आले आहेत. मुंबईच्या चोरबाजारात, गुजरातेत अलंगकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या दुकानांत आणि परदेशांतील लिलावांत पितळी घंटा, होकायंत्रे, गोल खिडक्यांच्या चौकटी, कंपनीची मुद्रा उमटवलेल्या बशा, भोजनपत्रिका आणि अधिकाऱ्यांच्या टोप्यांवरचे बिल्ले विकले जातात. त्यांच्या जोडीला एक विशिष्ट प्रकारचे गद्यही बहरले आहे. निवृत्त अधिकारी आपल्या नोकरीच्या दिवसांविषयी लिहितात, जुने प्रवासी डेकवरच्या चांदण्याविषयी लिहितात, आणि ज्यांनी आगबोट कधी पाहिलीही नाही असे तरुण लेखक आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या भोंग्याविषयी हळवे होऊन लिहितात. साहित्याच्या विद्यार्थ्यांना या गद्याचे कौतुक वाटते. ते सुबक असते, तपशीलवार असते, आणि त्यात गेलेल्या काळाची हुरहूर असते.

माझा आक्षेप वस्तूंवर नाही. बशी सुंदर असेल तर ती सुंदरच आहे. आक्षेप आहे तो त्या बशीभोवती रचल्या जाणाऱ्या वाक्यांवर. मराठीत नॉस्टॅल्जियाला स्मरणरंजन असा एक चपखल शब्द आहे. त्या शब्दातील 'रंजन' आपण गृहीतच धरले आहे. 'स्मरण' कोणाचे, हा प्रश्न मात्र विचारायचे सोडून दिले आहे. जहाजांच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. कारण जहाज ही केवळ आठवणीत तरंगणारी वस्तू नव्हती. तो एक कारखाना होता. तेथे माणसे राबत होती, आणि त्यांतील पुष्कळ माणसे आपल्याच किनाऱ्यावरची होती.

एकाच कंपनीचे उदाहरण घेऊ. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, म्हणजे 'बी. आय.'. विल्यम मॅकिनन याने १८५६ साली कलकत्ता आणि ब्रह्मदेश यांच्या दरम्यानच्या वाहतुकीसाठी काढलेल्या कंपनीला १८६२ साली हे नाव मिळाले. १९१४ मध्ये ती 'पी अँड ओ' या बड्या कंपनीशी जोडली गेली आणि १९७० च्या दशकात तिचे वेगळे अस्तित्व संपले. भर काळात तिच्या ताफ्यात शंभराहून अधिक जहाजे होती. काळ्या धुरांड्यावर दोन पांढरे पट्टे, ही तिची खूण. मुंबई, कराची, इराणचे आखात, पूर्व आफ्रिका, रंगून, सिंगापूर अशा फेऱ्यांतून तिने हिंदी महासागराचा जणू घरगुती रस्ता करून टाकला होता. साहजिकच तिच्या स्मृतींचा साठाही मोठा आहे. जहाजांच्या याद्या, छायाचित्रे, जेवणाच्या पत्रिका, भांडी, अधिकाऱ्यांची आत्मकथने हे सारे प्रेमाने जपले गेले आहे, आणि जपणाऱ्यांचे श्रम नाकारण्याचे कारण नाही.

पण या आठवणींची भाषा जरा कान देऊन ऐकावी. इंग्रज अधिकाऱ्याची असो की कोकणच्या किनारी बोटीतून गेलेल्या मराठी प्रवाशाची असो, तिची वाक्यरचना आश्चर्यकारक रीतीने सारखी असते. नांगर उचलला गेला. भोंगा झाला. आगबोट सुटली. चहा आला. पितळ लखलखत होते. बंदर आले, पडाव लागला, सामान उतरले. ही वाक्ये वर्गात फळ्यावर लिहून त्यांतील कर्ता ओळखायला सांगावे. व्याकरणाच्या दृष्टीने कर्ता सापडेल. पण तो भोंगा असेल, चहा असेल, बोट असेल. जे सजीव होते ते वाक्याबाहेर राहिले आणि जे निर्जीव होते ते आपोआप हालचाल करू लागले. चहा स्वतःच्या पायांनी डेकवर आला, आणि पितळ स्वतःच्या अंगच्या गुणाने लखलखले. स्मरणरंजनाचे हे व्याकरण आहे. ही एखाद्या लेखकाची लकब म्हणून सोडून देता येणार नाही. कोणाकडे पाहायचे आणि कोणाकडे पाहायचे नाही, याची शिस्त त्या काळाने घालून दिली होती. आपण ती शैली म्हणून वारशाने घेतली आहे.

वाक्याबाहेर राहिलेले लोक कोण होते? डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, कसाब आणि खलाशी. खाली इंजिनाशी आगवाले, कोळसा वाहून आणणारे कोयलावाले आणि तेलवाले. जेवणघरात वाढपी आणि त्यांचा मुख्य. त्या सर्वांच्या शेवटी, साफसफाईसाठी, टोपस. मुंबईतून भरती होणाऱ्या जहाजांवर डेकवरची माणसे बऱ्याच अंशी रत्नागिरीच्या बाजूची आणि काठेवाड-गुजरातच्या किनाऱ्यावरची असत. जेवणघरातली मोठ्या संख्येने गोव्याची. गोव्याच्या या माणसांनी मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात गावागणिक 'कूड' उभारले, जेथे दोन फेऱ्यांच्या मध्ये पाठ टेकायला जागा मिळे. इंग्रजी कागदपत्रांत या सर्वांना सरसकट 'लस्कर' म्हटले गेले. त्यांचे करार वेगळे, शिधा वेगळा, पगार वेगळा. त्याच जहाजावरच्या युरोपीय खलाशाच्या तुलनेत तो तिसऱ्या ते पाचव्या हिश्शापर्यंत खाली असे.

जागेचे मापही वेगळे होते. १९०६ च्या ब्रिटिश कायद्याने खलाशाला राहण्यासाठी किमान १२० घनफूट जागा ठरवून दिली. लस्करासाठीचे माप होते ३६ घनफूट. छत्तीस घनफूट म्हणजे सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी एक पेटी. भोजनपत्रिकेवरील वेलबुट्टीविषयी लिहिणाऱ्याने हा आकडा एकदा तरी तिच्या शेजारी ठेवून पाहावा. उकाड्यात काम करण्याची या माणसांना उपजतच सवय असते, असा एक सिद्धान्तही तेव्हा सांगितला जाई. भट्टीपुढे कोणाला उभे करायचे हे ठरल्यानंतर सुचलेले ते तत्त्वज्ञान होते.

ही माणसे मुकी होती असेही नाही. दुसरे महायुद्ध सुरू होताच, १९३९ च्या शरद ऋतूत, ब्रिटनच्या आणि इतर बंदरांतील हिंदी खलाशांनी पगारवाढीसाठी जहाजे अडवली. पुष्कळांना त्यासाठी तुरुंगात जावे लागले, पण पगारात वाढ झाली. बोटीच्या आठवणींत वादळे येतात, चांदणे येते, डॉल्फिनही येतात. हा संप येत नाही. कारण संपाचे वाक्य कर्त्याशिवाय लिहिता येत नाही. 'काम थांबले' असे म्हटले तरी वाचक विचारतोच, कोणी थांबवले?

आता 'तिलावा'कडे वळू. बी. आय.चे हे जहाज नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले आणि २३ नोव्हेंबरला जपानी पाणबुडीने ते बुडवले. जहाजावर साडेनऊशेच्या वर माणसे होती. त्यांतील २८० गेली. जहाजात सुमारे ६० टन चांदीही होती. दक्षिण आफ्रिकेत नाणी पाडण्यासाठी ती चालली होती. पंचाहत्तर वर्षांनी, २०१७ साली, एका खाजगी कंपनीने अडीच किलोमीटरहून अधिक खोल समुद्रातून ती चांदी वर काढली. ती साउदॅम्प्टनला गेली, मालकीचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि २०२४ साली निकाल लागला. दरम्यान बुडालेल्यांच्या नातलगांनी खटपट केली आणि २०२२ साली, घटनेला ऐंशी वर्षे झाली तेव्हा, मुंबईत त्यांच्या स्मरणाचा कार्यक्रम झाला. समुद्रतळावरील चांदीच्या २३६४ विटांची मोजदाद चोख होती. चांदी कोणाची हे ठरवायला न्यायालय होते. माणसे कोणाची, हा प्रश्न मात्र नातलगांच्या अंगावर सोडलेला होता. जहाजाची आठवण कोण काढतो आणि जहाजातून काय वर काढले जाते, यांचा इतका नागडा दृष्टान्त कोणा कथाकाराला सुचला असता तर आपण त्याला ढोबळ म्हटले असते.

यावर एक उत्तर ठरलेले असते. ही परक्यांची कंपनी. तिच्याकडून दुसरी अपेक्षा कशाला? आपल्या स्वदेशी कंपन्यांच्या आठवणी वेगळ्या असतील. दुर्दैवाने त्या फारशा वेगळ्या नाहीत. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. इंग्रजी कंपन्यांच्या मक्तेदारीला दिलेले ते धाडसी आव्हान होते, आणि १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाज मात्र जुनेच होते. कॅनडियन पॅसिफिकसाठी १८९१ साली सेवेत आलेले 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ग्वाल्हेरच्या महाराजांनी महायुद्धात रुग्णालय-जहाज म्हणून घेतले, त्याला 'लॉयल्टी' म्हणजे राजनिष्ठा असे नाव दिले, आणि पुढे कंपनीने ते विकत घेतले. स्वदेशी नौकानयनाचा आरंभ राजनिष्ठा नावाच्या जहाजाने व्हावा, या विरोधाभासाची गंमत वाटते खरी. त्याहून बोचरी गोष्ट अशी की दर वर्षी ५ एप्रिलच्या भाषणांत वालचंद हिराचंद असतात, नरोत्तम मोरारजी असतात, आणि ते असायलाच हवेत. पण मुंबई ते लंडन एवढ्या वाटेवर त्या जुन्या जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणारे हात त्या भाषणांत नसतात. राष्ट्र आपले झाले. वाक्यरचना तीच राहिली.

याच कंपनीची नावे ठेवण्याची रीत साहित्याच्या विद्यार्थ्याला मोहवील अशी आहे. जलतरंग, जलराजन, जलपालक, जलदुर्ग. विशाखापट्टणम येथे बांधलेले 'जलउषा' १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले, तेव्हा नव्या राष्ट्राची पहाट म्हणून त्या नावाकडे पाहिले गेले, आणि ते योग्यच होते. 'जलराजन' आणि 'जलतरंग' मात्र १९४२ च्या जानेवारीत जपानी पाणबुड्यांनी बुडवली होती. पाण्याच्या वाट्यांवर वाजणाऱ्या वाद्याचे नाव घेऊन एक मालवाहू जहाज तळाशी गेले. 'जलउषा'ची छायाचित्रे पुस्तकांत सापडतात; 'जलतरंग'वरच्या माणसांची नावे कोणाला ठाऊक आहेत?

महायुद्धात गेलेल्या खलाशांची नावे लिहिलेलीच नाहीत असे नाही. मुंबईत मशीद बंदराजवळ इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे साडेसहा हजार जणांची नावे नोंदवहीत आहेत. तिची एक प्रत मुंबईत, दुसरी चितगावला. या माणसांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही. स्मृतिवस्तूच हवी असेल तर ही वही घ्यावी. कोणत्याही भोजनपत्रिकेपेक्षा तिची पाने अधिक वाचनीय आहेत. मुंबईतील मराठी विभागांच्या शैक्षणिक सहली साहित्यिकांच्या जन्मगावी जातात. मशीद बंदरावर जायला लोकलचे तिकीट पुरते.

कर्ता ठेवून आठवण सांगणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. आपल्याकडे 'रामदास' बोटीची आठवण आहे. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसकडे निघालेली ही बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणात ही कथा अजून सांगितली जाते. ती सांगताना एक वाक्य कोणी गाळत नाही : रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत घेऊन माणसे वाचवली. येथे कर्ता आहे, तो सजीव आहे आणि कथेच्या मध्यभागी आहे. ही कथा शोकाची आहे, रंजनाची नाही, आणि बहुधा म्हणूनच तिचे व्याकरण शाबूत राहिले. ती लेखकांनी घडवलेली नाही; सांगणाऱ्यांनी जपली. साहित्याच्या अध्यापकांनी यातून बोध घ्यायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तापूर्ण असतो. खलाशांनी लिहून ठेवले नाही, मग साहित्याने काय वाचायचे? हा इतिहासाचा किंवा समाजशास्त्राचा विषय आहे, आपला नव्हे. या युक्तिवादात 'लिहिणे' या शब्दाचा अर्थ फारच आखडून घेतला आहे. कोकणातील अनेक घरांत पत्र्याच्या ट्रंकेत खलाशाचे डिस्चार्ज-बुक असते. त्यात प्रत्येक फेरीसाठी एक ओळ : जहाजाचे नाव, हुद्दा, कामावर घेतल्याची तारीख आणि बंदर, मोकळे केल्याची तारीख आणि बंदर, आणि शेवटी क्षमता व वर्तणूक यांविषयीचे शेरे. हे शेरे बहुतेक वेळा रबरी शिक्क्याचे : 'व्हेरी गुड', 'व्हेरी गुड'. तीस वर्षांचे आयुष्य तीस-चाळीस ओळींत मावते, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच शिक्का. एका जहाजावरून उतरल्याची आणि दुसऱ्यावर चढल्याची तारीख यांच्यामध्ये जे महिने रिकामे दिसतात, त्यांत बेकारी आहे, लग्न आहे, शेताची कापणी आहे, भरतीच्या दलालाकडे घातलेले हेलपाटे आहेत. मौनाचे आणि मोकळ्या जागांचे वाचन कसे करावे, यावर आपण नवकवितेच्या तासाला पुष्कळ बोलतो. ते कौशल्य या वहीपुढे निरुपयोगी ठरावे, असे का?

शिवाय या माणसांनी एक गोष्ट ठेवली आहे, आणि ती थेट आपल्या अभ्यासकक्षेत येते. ती म्हणजे भाषा. टॉमस रोबक याने १८११ साली जहाजांवरच्या हिंदुस्थानी बोलीचा कोश प्रसिद्ध केला. पुढे जॉर्ज स्मॉल याने १८८२ साली 'लस्करी' कोश म्हणून त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. हिंदुस्थानी, अरबी, फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी आणि किनाऱ्यावरच्या बोली यांच्या मिश्रणातून ही भाषा झाली होती. शीड उतरवण्याचा हुकूम 'आरिया' हा पोर्तुगीजांकडून आला, 'सारंग' फारसीतून. जहाजाची दिशा सांभाळणारा तो 'सुकानी', अरबी 'सुक्कान' म्हणजे सुकाणू यावरून. विद्यापीठांत आज सुकाणू समित्या नेमल्या जातात. या शब्दाला समुद्राचे पाणी लागलेले आहे, हे त्या समित्यांवर बसणाऱ्या भाषेच्या प्राध्यापकांच्या तरी ध्यानात असावे. 'नाखवा' हा शब्दही फारसी 'नाखुदा'वरून आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि मराठी होऊन गेला. अमिताव घोष यांनी २००८ साली 'सी ऑफ पॉपीज' या इंग्रजी कादंबरीत लस्करी बोलीतून एक जग उभे केले, तेव्हा आपल्याकडे त्यावर परिसंवाद झडले. ज्या किनाऱ्यावरून ती बोली बोलणारे निघत, तेथील महाविद्यालयांत तिचे शब्द गोळा करण्याचे काम मात्र विद्यार्थ्यांना दिले जात नाही. इंग्रजी कादंबरीत आली म्हणजे बोली अभ्यासनीय. शेजारच्या वाडीतील निवृत्त तांडेलाच्या तोंडी असेल तर ती अशुद्ध!

तिसरा आक्षेप भावनेचा आहे. माणसांना आपल्या आठवणींत रमू द्यावे. प्रत्येक बशीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची गरज काय? गरज अशी की बशी टिकते आणि माणूस टिकत नाही. काचसामान, पितळ आणि छायाचित्रे यांना बाजार आहे, म्हणून ती आणखी शंभर वर्षे सुखरूप राहतील. डिस्चार्ज-बुकाला बाजार नाही. घर पाडताना, ट्रंक रिकामी करताना, ते रद्दीत जाते. कोळशाच्या बोटींवर काम केलेले लोक जवळजवळ संपले आहेत. तेलावर चालणाऱ्या जुन्या प्रवासी बोटींवर काम केलेले आज वृद्ध आहेत. त्यांच्याबरोबर हुद्द्यांचे अर्थ, हुकमांचे उच्चार, बंदरांची आपापसांतली टोपणनावे आणि कोणत्या सारंगाने कोणाला किती लुबाडले याचे हिशेब जाणार आहेत. हे शेवटचे वाक्य मुद्दाम लिहिले आहे. खलाशाला देव्हाऱ्यात बसवण्याचा माझा विचार नाही. भरतीची दलाली खाणारे घाट सारंग त्यांच्याच गावचे होते, आणि त्या व्यवहारातील क्रौर्यही आठवणीत यायला हवे. गोड करून सांगितलेला खलाशी हा गोड करून सांगितलेल्या बोटीइतकाच खोटा.

आपल्या भाषेने हे पूर्वी केलेले आहे. दलित आत्मकथनांनी मराठीत आठवण या गोष्टीची व्याख्याच बदलली. कोण आठवतो यावर काय आठवते हे अवलंबून असते, हे त्यांनी पुन्हा विसरता येणार नाही इतक्या स्पष्टपणे दाखवून दिले. ती पुस्तके आपण आदराने शिकवतो. मग त्यांतून शिकलेला प्रश्न किनाऱ्यापाशी येऊन का थांबतो? समुद्र आला की आपली समीक्षा एकाएकी चांदण्यात का शिरते?

म्हणून मागणी साधी आहे आणि तिला अनुदान लागत नाही. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा येथील मराठी विभागांनी एम. ए.च्या प्रकल्पांसाठी दर वर्षी काही विद्यार्थी या कामाला लावावेत. घरोघरची डिस्चार्ज-बुके, पत्रे, मनीऑर्डरीच्या पावत्या यांची छायाचित्रे घ्यावीत आणि मूळ कागद घरच्यांकडेच राहू द्यावेत. वृद्ध खलाशांचे बोलणे त्यांच्या उच्चारांसह ध्वनिमुद्रित करावे. शब्दांची सूची करावी, प्रत्येक शब्दापुढे सांगणाऱ्याचे गाव आणि हुद्दा लिहावा, आणि तो संमती देत असेल तर त्याचे नावही. ज्या विद्यार्थ्याला दर वर्षी त्याच त्या कादंबरीतील स्त्रीप्रतिमा शोधायला बसवले जाते, त्याला हे काम अधिक शिकवून जाईल.

आणि आठवणी लिहिणाऱ्यांना एकच विनंती. पुढच्या वेळी 'चहा आला' असे लिहिण्याआधी थांबावे. तो आणणाऱ्याचे नाव ठाऊक असेल तर लिहावे. नाव ठाऊक नसेल तर निदान एवढे लिहावे, की त्याचे नाव आपण कधी विचारले नाही.